या ना एकदा घरी

गुरुवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी जांदिरा मेनेझिस यांच्या फोनवर एक व्हॉइस मेसेज आला. आवाज बार्बासेनाच्या आन्सेल्मो तिबुर्सियो यांचा होता.

"दोना जांदिरा, उद्या दुपारच्या बसने निघतोय. संध्याकाळी रिओत पोचेन. परतीचं तिकीट रविवार संध्याकाळचं काढलंय, उगाच तुम्हाला त्रास नको. तेवढा घराचा पत्ता कळवा."

जांदिराबाईंनी मेसेज पुन्हा एकदा ऐकला. गॅस बंद केला, सपाता पायात सरकवल्या आणि तिसऱ्या मजल्यावरून उतरून खालच्या अबिलियोच्या बारमध्ये गेल्या. रिओच्या तिजुका भागातल्या त्या कोपऱ्यावरचा बार सकाळी कॉफी आणि लोणी लावून भाजलेला पाव विकतो, बिअर नंतर. अबिलियो पाव उलटत होता.

"माणूस येतोय," जांदिराबाई म्हणाल्या.

"कुठला माणूस?"

"बार्बासेनाचा. तो औषधांच्या दुकानाचा."

"येऊ द्या की. समुद्र दाखवा, पाठवून द्या."

"घरी येतोय, अबिलियो. माझ्या घरी!"

अबिलियोने उलथणं बाजूला ठेवलं. "त्याला कुणी सांगितलं घरी यायला?"

"मीच."

"तुम्ही तर मलाही सांगता. माझ्या बापाच्या वेळेपासून ऐकतोय, 'ये ना वर एकदा, अबिलियो.' उद्या मीपण बॅग भरून येतो."

"तू आलास तर पाणीसुद्धा मिळणार नाही."

"तेच म्हणतोय मी. मला माहीत आहे, म्हणून मी येत नाही."

रिओत निरोप घेताना सगळेच असं म्हणतात. न्हावी म्हणतो, बँकेतला कारकून म्हणतो, बसमध्ये शेजारी बसलेली बाई उतरताना म्हणते. पत्ता कुणी देत नाही आणि कुणी मागत नाही. 'बरं, निघते' याहून जास्त अर्थ त्यात नसतो. आमच्याकडे माणूस माणसाला भेटतो तो बारमध्ये, चौकात, वाळूवर. घर झोपायला असतं.

जांदिराबाई आणि आन्सेल्मो यांची ओळख दोन वर्षांपूर्वी काशांबूला झाली होती. तिजुकाच्या ज्येष्ठ नागरिकांची सहल तिथल्या औषधी पाण्याच्या झऱ्यांवर गेली होती, आणि बाटल्या भरायच्या रांगेत आन्सेल्मो त्यांच्या पुढे उभा होता. त्याने आपली जागा दिली, मग त्यांची बाटली धरली, मग ती बसपर्यंत नेऊन दिली. त्यानंतर दर रविवारी फोन. दोघांचेही जोडीदार गेलेले, मुलं आपापल्या संसारात. फोन संपताना जांदिराबाई दर वेळी म्हणत, "मग या ना एकदा घरी!" आणि आन्सेल्मो दर वेळी म्हणे, "बघू, बघू."

नऊच्या सुमाराला मुलीचा, रोझानीचा फोन आला. ती खाडीपलीकडे नितेरोयला राहते.

"आई, दर रविवारी म्हणायचीस तू त्याला हे?"

"मी सगळ्यांनाच म्हणते. परवा दातांच्या डॉक्टरला म्हणाले."

"दातांचा डॉक्टर रिओचा आहे. हा शेजारच्या मिनास राज्यातला आहे. मिनासच्या माणसाला बोलावलं तर तो येतो, आई!"

"मग इतके दिवस का नाही आला तो?"

"पहिल्या बोलावण्याला धावत जाणं म्हणजे त्यांच्यात हावरटपणा. माझ्या सासूला विचार, तीही तिकडचीच. आणि पुन्हापुन्हा बोलावल्यावर न जाणं म्हणजे अपमान. बिचारा वाट बघत होता, तू मनापासून म्हणतेयस ना याची. तू तर दोन वर्षं थांबलीच नाहीस."

जांदिराबाईंनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मी येऊ का घर आवरायला?"

"घर आवरलेलं आहे."

"मग अडचण काय आहे?"

अडचण काय आहे हे रोझानीला माहीत होतं. वडील, वाल्देसिर, वारले त्या वर्षी आईने जेवणाचं टेबल आणि तीन खुर्च्या तिच्याकडे नितेरोयला पाठवून दिल्या. स्वतःला एक खुर्ची ठेवली. रोज कॉफी पिताना समोरची रिकामी खुर्ची बघत बसायला आपल्याला सवड नाही, असं तेव्हा सांगितलं. तेव्हापासून त्या घरात रोझानीशिवाय वर कुणी गेलेलं नाही. ती आली की पलंगाच्या कडेला टेकते आणि पाच मिनिटांत आई तिला खाली अबिलियोकडे घेऊन येते.

"एक खुर्ची पाठवते," रोझानी म्हणाली. "तुझीच आहे."

"नको. त्यातली नको."

"मग त्याला काय उभा ठेवणार?"

"त्याला मी रिओ दाखवणार," जांदिराबाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

जांदिराबाई टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या. आयुष्यभर इतरांचे कॉल जोडून द्यायचे आणि स्वतः बाजूला व्हायचं, हे काम. त्या दिवशी दुपारी अबिलियोच्या कोपऱ्यातल्या टेबलावर बसून त्यांनी आन्सेल्मोला एकापाठोपाठ एक मेसेज पाठवले. आवाज जुन्या सरावाचा, एकेक शब्द सुटा, नावाआधी आदराचं 'सेउ'.

"सेउ आन्सेल्मो, नीट ऐका. बस स्टँडवर मी न्यायला येते, बाहेर कुणी 'टॅक्सी, टॅक्सी' करत आला तर त्याच्याकडे बघायचंसुद्धा नाही. तुमची राहायची सोय फ्लामेंगोला केली आहे. स्वच्छ गेस्ट हाउस आहे, मेट्रो जवळ, नाश्ता त्यांच्याकडेच."

"शनिवारी सकाळी ख्रिस्ताचा पुतळा. पहिल्या गाडीची तिकिटं रोझानी काढतेय, उशीर झाला तर वर नुसती माणसांची डोकी दिसतात. निघण्याआधी खिडकीतून डोंगराकडे बघा. डोंगराचं डोकं ढगात असेल तर मला फोन करा."

"संध्याकाळी रोपवेने पाओ दे आसुकारच्या सुळक्यावर. सूर्य बुडायच्या तासभर आधी चढायचं, म्हणजे उजेडही बघायला मिळतो आणि दिवेही. स्वेटर आणा. हसू नका, वर वारा असतो."

"रविवारी समुद्राकाठचा मोठा रस्ता गाड्यांना बंद असतो, तिथे चालू. फोन रस्त्यात हातात धरायचा नाही. पिशवी पुढे. नवे बूट घालून येऊ नका."

"तीन दिवसांत एक मिनिट रिकामं नाही तुमच्या पाहुण्याला," अबिलियो टेबल पुसत म्हणाला. "राष्ट्रपती आला तरी त्याला एवढं फिरवत नाहीत."

"तू तुझं काम कर."

संध्याकाळी आन्सेल्मोचं उत्तर आलं. "फार छान बेत आहे, दोना जांदिरा. इतकी काळजी माझी कुणी केली नाही बऱ्याच दिवसांत. आणि घरी कधी?"

जांदिराबाईंनी उत्तर पाठवलं, "बघू, बघू."

शुक्रवारी बस वेळेवर आली. आन्सेल्मो कोट घालून उतरला. ऑक्टोबरचा उकाडा होता, तरी कोटाची सगळी बटणं लावलेली. दोन्ही हातांत मिळून एक लाकडी खोकं. त्यात कापडात गुंडाळलेलं अख्खं चीज, पेरूच्या वडीची लादी आणि घरी भाजून दळलेली कॉफी. बॅग मात्र एवढीशी.

"हे काय आणलंत एवढं!"

"तुमच्या स्वयंपाकघरासाठी," आन्सेल्मो म्हणाला. "चीज ओलं आहे अजून. बसमध्ये मांडीवर घेऊन बसलो. आता याला थंडाव्यात ठेवायला हवं, नाहीतर आंबेल."

गेस्ट हाउसच्या खोलीत फ्रिज नव्हता. बॅग टाकून दोघं मेट्रोने साएन्स पेन्या चौकात उतरले, खोकं आन्सेल्मोच्या हातात. चौकातून कोपऱ्यापर्यंत तो आजूबाजूच्या खिडक्यांकडे बघत चालला होता. कुठल्या खिडकीत कोण राहतं, याचा त्याला मोठा उत्साह दिसत होता. बारपाशी आल्यावर जांदिराबाई थांबल्या.

"अबिलियो, तुझा फ्रिज मोठा आहे. एवढं चीज ठेव."

अबिलियोने त्यांच्याकडे बघितलं, मग खोक्याकडे, मग पाहुण्याकडे. "ठेवतो," तो म्हणाला. "पण बाटल्यांचा वास लागेल त्याला."

"लागू दे."

आन्सेल्मोने खोकं त्याच्या हातात दिलं. देताना क्षणभर सोडलं नाही. "दोना जांदिरांचं घर लांब आहे का इथून?" त्याने विचारलं.

"जवळच आहे," जांदिराबाईंनी उत्तर दिलं. "तुम्ही खाऱ्या माशाचे वडे खाऊन बघा. असे बार्बासेनात मिळायचे नाहीत."

त्याने तीन खाल्ले आणि मनापासून वाखाणले.

शनिवारी सकाळी त्याने खिडकीतून डोंगर बघितला. डोकं मोकळं होतं. गाडी जंगलातून वर चढेपर्यंत तेच डोकं ढगात गेलं. पुतळ्याच्या पायाशी उभं राहिल्यावर पुतळ्याचे गुडघेही दिसत नव्हते. आसपासचे लोक एकमेकांवर चिडत होते, कुणी तिकिटाचे पैसे परत मागत होतं. एक बाई ढगाचाच फोटो काढत होती.

"माफ करा हं," जांदिराबाई म्हणाल्या. "खाली निघताना स्वच्छ होतं."

"ढग काय तुम्ही आणलात?" आन्सेल्मो कठड्याला टेकून उभा होता. पुढे सगळं पांढरं. "मला तर बरं वाटतंय. नाहीतर आता तुम्ही मला बोटाने दाखवत बसला असता. हा समुद्र, ते स्टेडियम, तो पूल."

जांदिराबाई हसल्या. खरंच त्यांनी तसं ठरवलं होतं.

"एक विचारू?" तो म्हणाला. "मी आलो ते चुकलं का?"

"नाही हो! असं का म्हणता?"

"आमच्याकडे पाहुणा आला की थेट स्वयंपाकघरात बसवतात. पुढच्या खोलीत बसवलं तर समजायचं, हा विमा विकायला आलाय. तुम्ही मला डोंगरावर बसवलंय."

तो हसत म्हणाला, म्हणून त्या रागवू शकल्या नाहीत. हवेत गारवा होता. त्याने कोट काढून त्यांच्या खांद्यावर टाकला. आणा म्हणून बजावलेला स्वेटर त्यांनी स्वतःच आणला नव्हता.

"रिओत असंच असतं," त्या थोड्या वेळाने म्हणाल्या. "आम्ही बाहेरच भेटतो."

"असेल," आन्सेल्मो म्हणाला. "मला शहर आवडलं. पण शहर तर सगळ्यांनाच दाखवतात, नाही का?"

दुपारी ठरल्याप्रमाणे अबिलियोकडे जेवण होतं. शनिवारी तिथे काळ्या घेवड्याची फेजवादा असते आणि टेबल मिळवायला लवकर जावं लागतं. जेवण होत आलं तेव्हा जांदिराबाई रोझानीचा फोन घ्यायला बाहेर गेल्या. आन्सेल्मोने ताटं गोळा करणाऱ्या अबिलियोला सहज विचारलं, "त्या राहतात कुठे हो?"

अबिलियोचं बोट विचार करायच्या आधीच वर गेलं.

"वर? इथेच वर?"

"तिसरा मजला." आता मागे घेण्यात अर्थ नव्हता.

आन्सेल्मोने मान वर करून छताकडे बघितलं. पंखा फिरत होता. मग तो हळू आवाजात बोलला, आणि ते बोलणं अबिलियोने त्यानंतर मला, त्याच्या सकाळच्या गिऱ्हाइकाला, जसंच्या तसं सांगितलं.

"दुकान मी पुतण्याला दिलं. घर मोठं आहे, बाग आहे, सगळं आहे. दिवसभर बोलायला कुणी नाही. मी समुद्र बघायला आलो नव्हतो, सेउ अबिलियो. मी बघायला आलो होतो की त्या दर रविवारी मला फोन करतात तेव्हा कुठे बसतात. तेवढं बघायचं होतं. पुढचं मग विचारलं असतं."

"विचारा की अजून. उद्या संध्याकाळपर्यंत आहात."

"असं नसतं. आमच्याकडे एकदा आलेला माणूस चुलीपर्यंत पोचला नाही, तर पुन्हा येत नाही. रागावून नाही हो. समजलं म्हणून."

जांदिराबाई परत आल्या तेव्हा तो वड्यांच्या पिठाबद्दल विचारत होता. संध्याकाळी दोघं ठरल्याप्रमाणे रोपवेने वर गेले. सूर्य बुडाला, दिवे लागले. सगळं बेताबरहुकूम झालं.

रविवारी सकाळी जांदिराबाई कॉफीला खाली उतरल्या. अबिलियोने पाव पुढे केला आणि आदल्या दिवशीचं सगळं सांगितलं. बोट वर गेलं तेही सांगितलं.

"तुला कुणी सांगितलं होतं बोट वर करायला?"

"बोटच आहे, गेलं."

"पुरुषासारखा पुरुष आणि पोटात काही राहत नाही."

"तुमच्या तरी कुठे राहतं? सगळ्या गावाला घरी बोलावत फिरता." तो काउंटरवर वाकला. "एक सांगू, दोना जांदिरा? वाल्देसिरला मी ओळखत होतो. तो याला एव्हाना पाचव्यांदा वर घेऊन गेला असता आणि तुमच्याशी भांडला असता, कॉफी का नाही केली म्हणून."

जांदिराबाईंनी कॉफी अर्धी ठेवली. रागावल्यात असं वाटलं, पण त्या नुसत्याच उठून गेल्या. सकाळचं चालणं त्यांनी टाळलं नाही. समुद्राकाठच्या मोकळ्या रस्त्यावर त्यांना दोघांना पाहिल्याचं दुसऱ्या मजल्यावरची शिक्षिका सांगते. तिच्या म्हणण्याप्रमाणे बाई बोलत होत्या आणि पाहुणा पिशवी पुढे धरून ऐकत होता, सांगितल्याप्रमाणे.

अडीचच्या सुमाराला आन्सेल्मो बॅग घेऊन बारमध्ये आला. कोट अंगात, बटणं लावलेली. बस पाचची होती. त्याने अबिलियोचा हात हातात घेतला, वड्यांबद्दल आभार मानले. चीज उद्याच कापा, आणखी थांबलं तर कडक होईल, असं सांगितलं. टीव्हीवर मॅच चालू होती आणि कुणीतरी गोल चुकवल्यामुळे बारमध्ये आरडाओरडा झाला.

त्या गोंधळात जांदिराबाई खाली आल्या. चांगला झगा घातलेला, पायात मात्र सपाता. फुटपाथवर रिकाम्या टेबलापाशी बारची एक पिवळी प्लॅस्टिकची खुर्ची होती. ती त्यांनी उचलली, जोर लावून हलवून पाहिली, पाय डगमगत नाहीत याची खात्री केली.

"ही नेतेय," त्या अबिलियोला म्हणाल्या.

"न्या."

मग त्या आन्सेल्मोकडे वळल्या. त्याने हातातली बॅग खाली ठेवली होती की तशीच धरली होती, याबद्दल अबिलियो आणि गिऱ्हाइकं यांच्यात एकमत नाही.

"ते चीज घ्या फ्रिजमधून," जांदिराबाई म्हणाल्या. "मला एकटीला नाही झेपायचं. आणि कॉफी तुम्हीच करून दाखवा, तुमच्याकडची. माझ्याकडे एकच खुर्ची होती, म्हणून..."

"म्हणून मला डोंगरावर नेलंत?"

"हो."

"मी उभा राहिलो असतो, दोना जांदिरा."

"पाहुण्याला कोणी उभं ठेवतं का?" त्या फणकाऱ्याने म्हणाल्या, आणि मग दोघंही हसायला लागले.

अबिलियोने खोकं काढून दिलं. चिजाला बाटल्यांचा थोडा वास लागला होता, पण कुणी तसं म्हटलं नाही. इमारतीची लिफ्ट जुनी, जाळीच्या दाराची. दोन माणसं मावतात, खुर्चीसकट मावत नाहीत. तुम्ही आधी, मी आधी, असं थोडं झालं. शेवटी आन्सेल्मोने पिवळी खुर्ची लिफ्टमध्ये ठेवली, हात आत घालून तीनचं बटण दाबलं आणि दार लावलं. खुर्ची एकटीच वर गेली. ती दोघं जिन्याने गेली, मध्ये खोकं धरून.

अबिलियो रविवारी चारला बंद करतो. त्याने शटर ओढलं तेव्हा वरून कुणी खाली आलं नव्हतं. आन्सेल्मोची बॅग काउंटरच्या आत होती. शटर ओढण्याआधी त्याने ती इमारतीच्या पहारेकऱ्याकडे दिली. पहारेकऱ्याची पाळी साडेचारला संपली आणि त्यानंतर आलेल्याने कुठल्या बॅगेकडे लक्ष दिलं नाही. पाचची बस वेळेवर सुटली, एवढं बस स्टँडवरून कळतं. त्यात कोण होतं हे ते सांगत नाहीत.

सोमवारी सकाळी रोझानीचा फोन बारमध्ये आला. आई तिचा फोन उचलत नव्हती. 'कामात आहे, नंतर बोलते' एवढाच मेसेज आला होता.

"सेउ अबिलियो, खुर्ची वरच आहे का?"

"वरच आहे."

"आणि तो?"

"मी खुर्च्या मोजतो, पोरी. माणसं नाही."

मंगळवारी दुपारपर्यंत खुर्ची परत आलेली नाही.